माळ्यावरून खाली आलेला टीव्ही आता द्यायचा कोणाला?

आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीये, दोन महिन्यांत खोल्या खाली करायच्या आहेत, त्यामुळे सध्या सगळ्या मजल्यांवर एकच उद्योग चाललाय, माळे उतरवणं. पितळी घंगाळं आणि पाटा-वरवंटा तर येतोच खाली, पण त्याच्याहून जास्त येतायत ते डब्यासारखे जाडे टीव्ही, मळकट पांढऱ्या कॅबिनेटचे असेंबल्ड कॉम्प्युटर, यूपीएस, शाई वाळून गेलेले प्रिंटर, बटणांचे मोबाइल, आणि प्रत्येक घरातून एक पिशवी भरून चार्जर, जे कशाचे आहेत ते घरातल्या कोणालाच आठवत नाही. मी एका ऑफिसात बरीच वर्षं कॉम्प्युटर मेंटेनन्सचं काम बघते, म्हणून सगळे मलाच विचारायला येतात. समोरच्या काकूंनी तर सरळच विचारलं, "अगं, भंगारवाला टीव्हीचे पैसे देतोय, तुझा तो रिसायकलवाला एक रुपया देत नाहीये, आणि तरी तू म्हणतेस त्यालाच द्या. असं का गं?"

काकूंना तेव्हा जिन्यात उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते, कारण या एका प्रश्नाच्या उत्तरात ई-कचऱ्याचा जवळजवळ सगळा विषय येतो.

कुठलीही जुनी इलेक्ट्रॉनिक वस्तू उघडली की तिच्यातून दोन तऱ्हेचा माल निघतो, एक जो विकला जातो आणि एक ज्याला कोणी हात लावत नाही. काकूंच्या टीव्हीत विकला जाणारा माल म्हणजे पिक्चर ट्यूबच्या मानेभोवतीची तांब्याच्या तारेची गुंडाळी, थोडं लोखंड, थोडं ॲल्युमिनियम, सर्किट बोर्ड आणि बाहेरचं प्लास्टिक. न विकला जाणारा माल म्हणजे ती जाड काचेची ट्यूब. आतून येणारे एक्स-रे बाहेर पडू नयेत म्हणून त्या काचेत शिसं घातलेलं असतं, एका मोठ्या टीव्हीत दोन किलो किंवा त्याहूनही जास्त. पूर्वी जुनी काच वितळवून तिच्यातून नव्या ट्यूबा करायचे, पण आता तसले टीव्ही बनायचेच बंद झाले, म्हणजे या काचेचं गिऱ्हाईकच संपलं. ती न फुटता नेणं, शिसं असलेला भाग वेगळा काढणं, मग तो सुरक्षित जागी पोचवणं, या सगळ्याला खर्चच आहे, मिळकत काही नाही.

आता दोघांचा हिशोब मांडून बघा. भंगारवाला तांबं, लोखंड, बोर्ड विकून जे मिळेल त्यातले थोडे काकूंना देतो, आणि ट्यूब कुठेतरी फुटते, नाल्याच्या कडेला नाहीतर डम्पिंगवर जाते, तिचा खर्च त्याच्या वहीत लिहिलेलाच नसतो. रिसायकलवाल्याच्या वहीत तो लिहिलेला असतो, कारण त्याला सरकारला दाखवावं लागतं की काच कुठे गेली. म्हणजे काकूंना जे पैसे जास्त मिळतायत ते टीव्हीची किंमत म्हणून मिळतच नाहीयेत, ती काच उघड्यावर पडणार आहे म्हणून मिळतायत. मला स्वतःला हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं, कारण आधी कितीतरी वस्तू मीच दारावर देऊन मोकळी झाले होते.

यात भंगारवाल्यांना नावं ठेवायचा माझा अजिबात हेतू नाही, हे आधीच सांगते. धारावीच्या १३ कंपाऊंडमध्ये प्लास्टिकचं जे वर्गीकरण हाताने होतं, डबीवर नख मारून, आवाज ऐकून कुठलं प्लास्टिक आहे ते ओळखणारी माणसं तिथे आहेत, ते बघितलं की वाटतं ही कला शाळेत शिकवली पाहिजे. दारोदार फिरून माल गोळा करणं आणि वेगळा करणं हे काम ही माणसं जितकं चांगलं करतात तितकं कोणतीच कंपनी करू शकणार नाही. घोळ होतो तो शेवटच्या टप्प्याला. वायरमधलं तांबं सोडवायला वायरी जाळतात, तेव्हा वरच्या पीव्हीसीच्या धुरातून डायॉक्सिन नावाचं फार वाईट रसायन बाहेर पडतं. बोर्डावरचे सुटे भाग काढायला बोर्ड शेगडीवर तापवतात, सोल्डरमधलं, म्हणजे भाग जोडायच्या डागातलं, शिसं वितळतं आणि त्याच धुरात माणूस तासन् तास बसलेला असतो. सोनं काढायला बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात आणि उरलेलं ॲसिड गटारात सोडून देतात. शिशाचं तर असं आहे की रक्तात ते किती असलं तर चालेल अशी सुरक्षित पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सगळ्यात जास्त मार बसतो तो लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला. अशी कामं बऱ्याचदा राहत्या घराला लागूनच चालतात, पोरं तिथेच खेळत असतात.

सोन्याचं ऐकून लोकांचे डोळे चमकतात, तर तेही सांगते. खाणीतल्या एक टन दगडातून चार-पाच ग्रॅम सोनं निघालं तरी ती चांगली खाण समजतात, आणि एक टन मोबाइलमध्ये साधारण तीनशे ग्रॅमपर्यंत सोनं असू शकतं. जपानने टोकियो ऑलिंपिकची सगळी मेडल जुन्या वस्तूंमधल्या धातूची केली होती, त्यासाठी २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत लोकांकडून जवळजवळ ७९ हजार टन छोट्या वस्तू गोळा केल्या, त्यात ६२ लाख मोबाइल होते, आणि त्यातून सोनं निघालं ३२ किलो. हा आकडा नीट बघा, एवढ्या डोंगरातून फक्त ३२ किलो. म्हणजे तुमच्या एका मोबाइलमध्ये सोन्याचा नुसता मुलामा आहे, तो घरात बसून काढायच्या भानगडीत कोणी पडू नये, यूट्यूबवर तसले व्हिडिओ आहेत म्हणून मुद्दाम सांगते, त्यातला धूर फुप्फुसं जाळतो. मोठ्या भट्टीत, धूर धरून ठेवायची सोय करून, एकदम टनावारी माल घातला तरच ते परवडतं. बेल्जियममध्ये होबोकेन इथे उमिकोर कंपनीची अशी भट्टी आहे, जगभरातले बोर्ड तिथे जातात. ॲसिडच्या बादलीत सोनं थोडंफार हाताला लागतं पण बाकीचे बरेच धातू वायाच जातात, म्हणजे विषही पसरलं आणि मालही गेला.

मग न विकल्या जाणाऱ्या मालाचा खर्च करायचा कोणी? कायद्याने याचं उत्तर दिलंय, ज्याने वस्तू बनवून विकली त्याने. आपल्याकडे ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ मध्ये आले, मग २०१६ मध्ये बदलले, आणि आत्ता लागू आहेत ते २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून. टीव्ही, फ्रिज, मोबाइल, लॅपटॉप विकणाऱ्या कंपनीने काही वर्षांपूर्वी जेवढा माल विकला त्याच्या ठराविक टक्के वजनाचा कचरा रिसायकल झाल्याचं तिला दाखवावं लागतं, सुरुवातीला ६० टक्के, मग ७०, आणि २०२७-२८ पासून ८०. कंपनी स्वतः कारखाना घालत नाही, ती नोंदणी असलेल्या रिसायकलवाल्याकडून सर्टिफिकेट विकत घेते. म्हणजे त्याने इतकं लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम, सोनं खरोखर काढलं याचा दाखला, आणि त्या सर्टिफिकेटच्या पैशातून काचेसारख्या नकोशा मालाचा खर्च निघावा अशी कल्पना आहे. तुम्ही नवा फ्रिज घेता तेव्हा त्याच्या किमतीत याचा वाटा कुठेतरी असतोच, थोडक्यात काकूंनी पैसे आधीच भरलेत, आणि टीव्ही बाहेरच्या बाहेर गेला तर भरलेल्या पैशाचं काम होतच नाही.

या व्यवस्थेत भोकं आहेत. खोटी सर्टिफिकेटं हा खरा त्रास आहे, म्हणून सगळं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर आणलंय. आणि घरगुती माणसावर तर कसलीच सक्ती नाही, हजार वस्तू वापरणाऱ्या मोठ्या ऑफिसांवर आहे. तुमच्याआमच्या घरातून माल योग्य दारात जाणं हे निव्वळ आपल्या मनावर आहे. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे, बाकीचा कुठे गेला ते कागदावर कुठेच नाही.

पण हे सगळं झालं बंद पडलेल्या वस्तूंचं. रिसायकल ही शेवटची पायरी आहे, कारण लॅपटॉपच्या पूर्ण आयुष्यात पर्यावरणाला जेवढा त्रास होतो त्यातला मोठा भाग तो बनतानाच झालेला असतो, तो आणखी चार वर्षं चालला तर तेवढा एक नवा बनायचा वाचतो. म्हणून वस्तू चालू असेल तर आधी ती वापरणारं माणूस शोधा.

दान करताना मात्र एक चूक सगळे करतात, मीही केलीये. आमच्या ऑफिसने एकदा दहा कॉम्प्युटर एका शाळेला दिले, माझ्याच हाताने, आणि वर्षभराने गेले तर दहाच्या दहा एका खोलीत चादर टाकून ठेवलेले. कारण विचारलं तर पासवर्ड कोणाला माहीत नव्हते, दोन माऊस गायब, आणि ते इतके हळू चालायचे की तासाच्या पस्तीस मिनिटांत विंडोज सुरू व्हायलाच दहा मिनिटं जायची. आपण देऊन मोकळे झालो आणि त्यांच्याकडे नुसता कचरा नेऊन ठेवला, शिवाय तो फेकायची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात. तेव्हापासून मी ठरवलंय, जो कॉम्प्युटर मी माझ्या भाचीला अभ्यासाला देईन तोच दुसऱ्या कोणाच्या मुलीला द्यायचा. म्हणजे कीबोर्ड, माऊस, पॉवर केबल, चार्जर सगळं सोबत, पासवर्ड काढून टाकलेला, आतली धूळ झाडलेली, आणि देताना विचारायचं की तुमच्याकडे वीज, टेबल आणि बिघडला तर बघणारं कोणी आहे का.

जुना कॉम्प्युटर हळू चालतो त्याचं कारण बहुतेक वेळा हार्ड डिस्क असते. ती काढून तिथे एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क, टाकली आणि रॅम म्हणजे काम करतानाची मेमरी आठ जीबी केली तर दहा वर्षांचं मशीनसुद्धा अगदी अंगात वारं भरल्यासारखं पळतं, लॅमिंग्टन रोडला कुठल्याही गाळ्यात हे काम अर्ध्या तासात होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ठणठणीत असलेली लाखो मशीनं आता लोक काढून टाकणार, याचं मला खरंच दुःख होतं. त्यांच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट नावाची सिस्टिम टाका, फुकट आहे, मराठी मेनू मिळतो, ब्राउझर, टायपिंग, व्हिडिओ सगळं चालतं, शाळकरी मुलांना आणि ज्येष्ठांना तेवढंच लागतं.

आता डेटा. इथे मी थोडी जास्त बोलणार आहे कारण लोक इथेच फसतात. फाइल डिलीट केली किंवा साधा फॉरमॅट मारला म्हणजे ती गेली असं वाटतं, पण कॉम्प्युटर फक्त नोंद पुसतो. चाळीच्या जिन्यातल्या पाटीवरून नाव पुसलं म्हणून भाडेकरू खोली सोडून जात नाही ना, तसंच. त्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथेच असतं. मी एकदा जुन्या बाजारातून एक सेकंडहँड हार्ड डिस्क घेतली होती, 'ब्लँक' म्हणून, आणि सहज म्हणून फुकटातलं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं, तर एका अनोळखी कुटुंबाचे पासपोर्ट, बँकेची स्टेटमेंट, आणि मुंजीचे तीनशे फोटो समोर आले. मी तिथल्या तिथे सगळं पुसलं, पण दुसऱ्या कोणाच्या हातात गेली असती तर?

तर हार्ड डिस्क चालू असेल तेव्हा तिच्यावर सगळीकडे नवा डेटा लिहून जुना झाकायचा. विंडोज १० आणि ११ मध्ये रिसेट करताना 'सगळं काढून टाका' निवडल्यावर पुढे ड्राइव्ह साफ करायचा वेगळा पर्याय असतो, तो चालू करायचा, काही तास लागतात, रात्री लावून झोपायचं. एसएसडीला मात्र हे नीट लागू पडत नाही, कारण ती आतल्या आत जागा बदलत राहते, आपण लिहितो एकीकडे आणि जुना डेटा उरतो दुसरीकडे, म्हणून तिच्यासाठी ती बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला सिक्युअर इरेज, म्हणजे सगळी डिस्क पुसायचा पर्याय, वापरायचा. डिस्क बंदच पडली असेल तर ती काढून घ्या आणि फोडा, पण लॅपटॉपच्या छोट्या हार्ड डिस्कमधल्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात, कपड्यात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावूनच हातोडा मारा. एसएसडीत प्रत्येक चिप फुटायला हवी. आणि सीसीटीव्हीच्या डब्यातही हार्ड डिस्क असते, ती सगळे विसरतात.

मोबाइलचं सोपं आहे पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हॉट्सॲपचा बॅकअप, बँकेची आणि यूपीआयची ॲप काढा, मग गूगलच्या अकाउंटमधून बाहेर पडा, आयफोन असेल तर 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून ॲपलच्या अकाउंटमधून बाहेर पडा, आणि शेवटी फॅक्टरी रिसेट. अकाउंट न काढता रिसेट केलं तर फोन नंतर तुमचाच पासवर्ड मागत बसतो आणि ज्याला दिला त्याच्यासाठी तो विटेसारखा निरुपयोगी होतो. सिम आणि मेमरी कार्ड काढलं का ते दोनदा बघा.

बॅटऱ्या सगळ्यात आधी वेगळ्या काढा. आमच्या चाळीतून आत्तापर्यंत अकरा फुगलेले मोबाइल निघालेत, फुगलेली लिथियम बॅटरी म्हणजे आत गॅस धरलाय, तिला दाबायचं, टोचायचं, चार्ज करून बघायचं नाही, मी त्या एका पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत, उन्हापासून लांब ठेवल्यात. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की आग लागते. यूपीएस आणि इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटऱ्या बॅटरीच्याच दुकानात परत द्या, नवी घेताना ते जुनीचे पैसे वजा करतात, यांचं चक्र बऱ्यापैकी चाललेलं आहे.

फ्रिज आणि एसी गाडीवर चढवण्याआधी एक बघा, त्याचा पाइप कोणी तिथेच तर कापत नाहीये ना. कॉम्प्रेसर लवकर सुटावा म्हणून कापतात आणि सगळा गॅस हवेत जातो. खूप जुन्या फ्रिजमधला आर-१२ हा गॅस ओझोनचा थर तर खातोच, पण हवा तापवायला कार्बन डायऑक्साइडपेक्षा दहा हजार पटीहून जास्त ताकदीचा आहे. नव्या फ्रिजांमधला आर-६००ए त्या बाबतीत चांगला, पण तो पेट घेतो. ट्यूबलाइट आणि सीएफएल फोडू नका, आत पारा असतो, जुन्या खोक्यात उभ्या ठेवून वेगळ्या द्या. रिमोट, वायरी, इयरफोन एका पिशवीत.

द्यायचं कोणाला ते असं शोधायचं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मुख्य ऑफिस आपल्या सायनलाच आहे, त्यांच्या आणि केंद्रीय मंडळाच्या वेबसाइटवर परवाना असलेल्या रिसायकलवाल्यांची यादी असते, त्यातलं नाव घ्या आणि फोन करून विचारा, किती किलोला गाडी पाठवाल. एका घराच्या दोन वस्तूंना कोणी येत नाही, म्हणून चाळीने किंवा सोसायटीने मिळून करायचं, शंभर-दोनशे किलो झाले की बरेच जण येतात. कचरावेचक बायकांसोबत वर्षानुवर्षं काम करणारी स्त्री मुक्ती संघटनेसारखी संस्था मुंबईत आहे, अशांना विचारा, कारण गोळा करायचं काम त्या बायकांना मिळालं तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल. नवी वस्तू घेताना एक्सचेंज केलं तर दुकानदाराला विचारा की जुनी पुढे कुठे जाते, दहातले आठ दुकानदार उत्तर देणार नाहीत, तरी विचारा. आणि माल गेल्यावर वजनाची पावती मागून घ्या, तिच्यावर नोंदणी नंबर हवा. पावती द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला माल देऊ नका.

आमच्याकडे गेल्या रविवारी गाडी येऊन गेली, सगळं मिळून ३४० किलो झालं. काकूंना टीव्हीचे काही मिळाले नाहीत, पण कॉम्प्युटर आणि मिक्सरचे थोडे मिळाले, ते त्यांनी गाडीवरच्या पोरांना चहाला दिले. चार कॉम्प्युटर मी ठेवून घेतलेत, त्यातल्या दोघांना एसएसडी बसवून झाली, कामाठीपुऱ्यातल्या एका अभ्यासिकेला दोन जातील आणि बाकीचे दोन चालतायत का ते अजून बघायचंय. चार्जरची पोती तेवढी माझ्याच खोलीत आहेत, रोज रात्री जेवण झालं की दहा-पंधरा तपासते, नोकियाचे बारीक पिनचे सात चालू निघालेत, कोणाच्या आजीचा तसला फोन अजून चालू असेल तर येऊन घेऊन जा.